तवा घरचा, भाकरी लष्कराची

तलाठ्याच्या हद्दीला महसुली भाषेत 'सजा' म्हणतात. हा शब्द ज्याने योजला, त्याला पुढचं सगळं दिसलं असावं.

नगर जिल्ह्यातल्या अशाच एखाद्या सजाच्या गावी सकाळी साडेदहाला जाऊन बसावं. (जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर झालं, तलाठ्याचं पदनामही ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडी अजून नगर आहे आणि भाऊसाहेब आहेत.) भाऊसाहेबांच्या टेबलावर मोबाइल पालथा पडलेला असतो. एकेकाळी पारदर्शक असलेलं कव्हर पिवळं पडलेलं. त्यात साईबाबांचा फोटो, फोटोमागे शंभराची नोट, नोटेमागे चार घड्या घातलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तीन पासवर्ड. काचेला कोपऱ्यातून गेलेला तडा. फोन उघडायची खूण इंग्रजी 'झेड'सारखी, आणि ती घरातल्या सगळ्यांना, कोतवालाला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला पाठ. आत गारपिटीच्या पंचनाम्याचे फोटो, वारसनोंदीसाठी आलेले मृत्यूचे दाखले, खातेदारांची आधार कार्डं, धाकटीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आणि 'शुभ सकाळ'चे गुलाब एकाच गॅलरीत सुखाने नांदत असतात.

फोन भाऊसाहेबांचा. हप्ता भाऊसाहेबांचा. रिचार्ज भाऊसाहेबांचं. आतला निम्मा माल सरकारचा.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी या व्यवस्थेला 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस' असं भारदस्त नाव दिलंय, लाडाने बीवायओडी. त्यावर परिषदा भरतात, सल्लागार नेमले जातात. गावाकडे ही पद्धत फार जुनी. पंगतीचं आवतण देताना 'येताना ताट-तांब्या घेऊन या' असं सांगायची रीत होती, तीच ही. फरक इतकाच, की पंगतीत निदान जेवायला मिळायचं.

दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःचं सरपण जाळणाऱ्याला मराठीत 'लष्कराच्या भाकऱ्या भाजतो' म्हणतात. ही म्हण नगरकराला जरा जास्तच लागू पडते, कारण त्याच्या शेजारी खरोखरच लष्कर राहतं. १८०३ साली इंग्रजांनी भुईकोट किल्ला घेतला, आणि इथली छावणीही जुनी आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, यंत्रसज्ज पायदळाचं इथे, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही इथेच. मात्र लष्कराची भाकरी लष्कर स्वतः भाजून घेतं. इतरांच्या भाकऱ्यांची गोष्ट वेगळी.

कचेरीतल्या फोनला कुलूप घालायची हौस आजची नाही. काळा, जड, तबकडीचा फोन ज्यांनी वापरला आहे, त्यांना तबकडीच्या भोकात अडकवलेलं पितळी कुलूप आठवत असेल. किल्ली हेडक्लार्कच्या जानव्याला नाहीतर करदोट्याला. आलेला फोन घेता यायचा, लावता यायचा नाही. साहेब खूश. पण त्या फोनमध्ये तबकडी जे काम करायची तेच काम रिसीव्हर ठेवायची घोडी दाबूनही होतं, हे एखाद्या चाणाक्ष शिपायाच्या ध्यानात यायचंच. पाच हवे असतील तर पाचदा टकटक, शून्याला दहादा. नगरचा कोड ०२४१. म्हणजे बाहेरगावाहून नगरला फोन लावायचा तर नुसत्या कोडसाठी सतरा टिचक्या, आणि मधे हात चुकला तर पहिल्यापासून. ज्याला गरज होती तो तबलजीच्या तालात हे करायचा. कुलूप तसंच लटकत राहायचं, बिलही येत राहायचं. कार्यालयीन फोनसुरक्षेच्या क्षेत्रात त्यानंतर शोध पुष्कळ लागले. शिपायाला हरवणारा शोध अजून लागायचा आहे.

मग मोबाइल आला आणि कुलूप घालायचं कुठे, हाच प्रश्न पडला. २३ जुलै २०२१ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढलं. कार्यालयीन कामासाठी शक्यतो दूरध्वनी वापरावा, मोबाइल गरज असेल तेव्हाच. बोलताना आवाज हळू. बैठकीत फोन मूक. वैयक्तिक फोन आला तर बाहेर जाऊन बोलावं. सल्ला अगदी रास्त. अडचण एवढीच, की कित्येक कचेऱ्यांतला दूरध्वनी तोवर मूक झालेला होता आणि हे परिपत्रक बहुतेकांनी वाचलं ते मोबाइलवरच, बैठक चालू असताना, टेबलाखाली. २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय आणखी पुढे गेला: वैयक्तिक आणि कार्यालयीन समाजमाध्यम खाती वेगळी ठेवा, बंदी घातलेली ॲप वापरू नका, गोपनीय कागद पुढे ढकलू नका. खाती वेगळी करता येतील. फोन मात्र एकच आहे, आणि घरी गेल्यावर त्यावर धाकटी कार्टून बघते.

हा मामला सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट कळला तो अंगणवाडीच्या ताईंना. केंद्राच्या पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास राज्यातल्या सेविकांना सरकारी फोन मिळाले. त्यांची रॅम २ जीबी. मुलांची वजनं-उंची, गरोदर बायांच्या भेटी, आहाराचं वाटप, सगळं ॲपमध्ये भरायचं. २०२१ मध्ये जुनं ॲप जाऊन 'पोषण ट्रॅकर' आलं आणि फोनने माना टाकल्या. हँग व्हायचा, तापायचा, बंद पडायचा. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या पदरात, आणि मानधन तेव्हा साधारण साडेआठ हजारांच्या घरात. ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी एक अजब आंदोलन केलं: फोन परत. सरकारी कार्यालयांत फोनांचे ढीग लागले. जगभर कर्मचारी 'आम्हाला कंपनीचा फोन द्या' म्हणून भांडतात; महाराष्ट्रातल्या बाया 'हा घ्या तुमचा' म्हणून उभ्या राहिल्या. मग ॲप स्वतःच्या फोनवर घ्या, असा आग्रह सुरू झाला, आणि संघटना थेट उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयीन भाषा बाजूला ठेवली तर ताईंचं म्हणणं साधं होतं. भाकरी तुमची असेल तर तवाही तुमचाच आणा, आणि आणाल तो फुटका नको.

आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपला दाखवावा लागतो. म्हणजे फोन उन्हात धरायचा, बाईने पदर मागे घ्यायचा, बाळाने रडायचं, नेटवर्कने जायचं. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या बाजूला असेल तर जायला आधी यावं लागतं. क्षेत्रफळात राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. त्यातल्या कोणत्या आंब्याखाली दोन काड्या रेंज मिळते, याचं ज्ञान सरकारी कर्मचाऱ्यांकडे वंशपरंपरेने असावं तसं असतं.

गुरुजींची तऱ्हा आणखी निराळी. माहिती तंत्रज्ञानाच्या जगात 'एमडीएम' म्हणजे कर्मचाऱ्यांच्या फोनवर दुरून लक्ष ठेवणारी प्रणाली: फोन हरवला तर पुसून टाकते, पासवर्ड सक्तीचा करते, नको ते ॲप अडवते. कंपन्या त्यावर पाण्यासारखा पैसा ओततात. जिल्हा परिषदेच्या शाळेत 'एमडीएम' म्हणजे मिड डे मील, खिचडी. योजनेचं नाव २०२१ मध्ये पीएम पोषण झालं, तरी ॲप गुरुजींच्या तोंडी एमडीएमच. आज किती मुलं जेवली, ते रोज भरायचं. तेव्हा शहरातल्या एखाद्या सुरक्षातज्ज्ञाने गुरुजींना विचारलं, 'सर, तुमच्या फोनवर एमडीएम आहे का?' तर गुरुजी अभिमानाने म्हणतील, 'आहे की. कालचीच भरली. बेचाळीस.'

त्याच फोनवर हजेरी, यू-डायस, कुठल्या तरी दिवसाच्या प्रभातफेरीचे फोटो आणि केंद्रप्रमुखांचा ग्रुप. डिसेंबर २०२३ पासून 'स्विफ्टचॅट' नावाच्या ॲपवरून मुलांची हजेरी मागायला सुरुवात झाली, तेव्हा शिक्षक संघटना वैतागल्या. खाजगी ॲप, खाजगी फोन, सरकारी पोरं.

इतका वेळ हसण्यावारी गेलं. पण घरच्या तव्यावर चटका कसा बसतो, हे या जिल्ह्याने २०२३ मध्ये पाहिलं. ३ मार्चला बारावीचा गणिताचा पेपर होता. मुंबईत दादरच्या एका केंद्रावर एका विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये प्रश्नपत्रिका सापडली. पोलिसांनी तो पेपर ज्या फोनवरून आला होता तो शोधला, त्याआधीचा शोधला, असं करत करत माग निघाला तो थेट नगर तालुक्यातल्या रुईछत्तीशीला. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाशी संबंधित पाच जणांना मुंबईच्या गुन्हे शाखेने अटक केली. मुलं पेपर सोडवायला बसायच्या आधीच तो मोबाइलवर टिपून पुढे पाठवला गेला, असा पोलिसांचा आरोप. खरं-खोटं न्यायालय ठरवील. पण पेपर फोडायला पूर्वी तिजोरी फोडावी लागायची, लाखेचं सील वाफेवर धरावं लागायचं. आता खिशातून हात बाहेर यायचा अवकाश.

मंडळाने त्याच वर्षी दोन गोष्टी केल्या होत्या. पेपर दहा मिनिटं आधी वाटायची पद्धत बंद केली, कारण ती दहा मिनिटं व्हॉट्सॲपला फार होत होती. आणि प्रश्नपत्रिका नेणाऱ्या सहायक परिरक्षकाला सांगितलं, की मोबाइलचं जीपीएस चालू ठेवा आणि पाकिटं देता-घेताना, उघडताना चित्रीकरण करा. कशावर? मोबाइलवर. चोराच्या हातचीच बॅटरी घेऊन चोर शोधायचा, असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. पण दुसरी बॅटरी होती कुणाकडे?

आता लष्कराकडे येऊ. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्ट्रॅव्हा' नावाच्या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या धावपटूंचा नकाशा प्रसिद्ध केला. वाळवंटाच्या काळ्या पटावर मधेच उजळ चौकोन दिसू लागले. ते होते लष्करी तळ: सैनिक सकाळी मनगटावर यंत्र बांधून कुंपणाकडेने धावत होते आणि नकाशा आपोआप काढला जात होता. भारतीय नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोनला बंदी घातली. लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली; त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम होतं आणि ट्रूकॉलरही. आणि पुढे लष्कराने जे केलं ते इतर कचेऱ्यांनी नीट वाचावं: 'संभव' नावाचा स्वतःचा सुरक्षित फोन बनवून हजारो अधिकाऱ्यांच्या हातात दिला. लष्कराच्या भाकऱ्यांसाठी तवा लष्कराने आणला. म्हण उलटी झाली, आणि तीही नगरच्या शेजाऱ्यांकडून.

तरी फोन कितीही पोलादी असो, बोटं माणसाची. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. परदेशी गुप्तचरांच्या हस्तक असलेल्या बाईशी ते समाजमाध्यमांवरून बोलत होते, असा आरोप आहे. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा करायला सिग्नलवर ग्रुप काढला आणि त्यात चुकून 'द अटलांटिक' मासिकाचे संपादकच घेतले गेले. ज्यांच्या फोनमध्ये 'नाना पंप', 'नाना वायरमन' आणि 'नाना नवीन नंबर' असे तीन नाना आहेत, त्यांना या प्रकाराचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

कारखान्यांचा उपाय ढोबळ. औद्योगिक वसाहतींत बऱ्याच फाटकांवर रखवालदार कॅमेऱ्याच्या भिंगावर स्टिकर चिकटवतो. आत फोटो नको. संध्याकाळी स्टिकर शाबूत दिसलं की माणूस प्रामाणिक. हे स्टिकर जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर विश्रांती घेऊन पुन्हा भिंगावर येऊ शकतं, हे रखवालदारालाही ठाऊक असतं. त्याचा स्वतःचा फोन कोनाड्यात चार्जिंगला असतो आणि त्यावर स्टिकर नसतं.

खरा दरोडा अलीकडे लग्नपत्रिकेतून येतो. पूर्वी पत्रिकेला चार कोपऱ्यांत हळद-कुंकू असायचं. मग तिची पीडीएफ झाली. आता तिच्या नावाखाली शेपटीला 'एपीके' अशी तीन अक्षरं असलेली फाइल येते. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडलं की संदेश वाचू लागतं, ओटीपीसकट. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने ऑगस्ट २०२५ मध्ये अशीच पत्रिका उघडली आणि जवळपास १ लाख ९० हजार रुपयांचा आहेर गेला. वर कोण, वधू कोण, कळलंच नाही. हेच सोंग पुढे पीएम किसानच्या नावाने आलं, वाहनाच्या चलनाच्या नावाने आलं. कार्यालयाच्या दृष्टीने खरी चिंता पुढची: ज्या फोनमधून भाऊसाहेबांचे पैसे गेले, त्याच फोनमध्ये गावाची आधार कार्डं होती. पैशाची तक्रार होते. आधार कार्डांची आठवण कुणाला राहते?

आणि फोनच गेला तर? माळीवाड्याच्या स्टँडवर गर्दीत खिसा हलका झाला, तर मे २०२३ पासून 'संचार साथी'वर तो फोन बंद पाडायची सोय आहे. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. तो खोक्यावर असतो. खोकं घरी असतं, आणि त्यात सुटी बटणं, मागच्या वर्षीची राखी आणि दुधाच्या डेअरीची पावती असते, पण झाकणावरचं लेबल पोराने खेळताना सोलून काढलेलं असतं.

यावर तोड निघालेली आहे, आणि ती नगरकराला समजायला अगदी सोपी. अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ पासून 'वर्क प्रोफाइल' नावाची सोय आहे: एकाच फोनमध्ये घालून दिलेला बांध. बांधाच्या अलीकडे तुमचं घर, पलीकडे कचेरी. पलीकडच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं. अलीकडचे फोटो कचेरीला दिसत नाहीत, पलीकडचा कागद अलीकडच्या व्हॉट्सॲपवर ढकलता येत नाही, असा बंदोबस्त करता येतो. नोकरी सुटली की कचेरी आपलं वावर तेवढं नांगरून घेते. धाकटीचा वाढदिवस जागच्या जागी. यात एकच गोम आहे. बांध म्हटला की तो कोरायची आपली जुनी सवय. दरवर्षी वीतभर. साहेबांचा रविवारी रात्री सव्वादहाला आलेला 'उद्या सकाळपर्यंत माहिती द्या' हा संदेश कोणत्या बाजूचा, याचा निवाडा कोणताही मोजणीदार करणार नाही.

कुलूप दिसू नये पण असावं, या बाबतीत तर जिल्ह्याकडे जगाला दाखवण्यासारखा नमुना आहे. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं नसतात, ही ख्याती. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा पेच पडला. शनिदेवावर श्रद्धा आहे, पण रिझर्व्ह बँकही आहे. मग काचेचं दार बसवलं आणि दुरून चालणारं, सहज डोळ्यांत न येणारं विद्युतचुंबकीय कुलूप. देवाचा मान राहिला, ठेवीदाराची झोप राहिली. फोनसुरक्षेवर जाडजूड अहवाल लिहिणाऱ्यांनी याहून वेगळं काही सांगितलेलं नाही. त्याच गावाच्या देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पैसे गोळा झाल्याचं २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, तेव्हा मात्र गावातल्या म्हाताऱ्यांना नक्की कुणावर शनीची वक्रदृष्टी पडावी, हे ठरवता येईना. ॲपला दारही नसतं आणि उंबराही.

फोन स्वतःही आपल्या परीने विनवत असतो. 'सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे.' १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याला खिंडार पाडलं आणि चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं. त्याच शहरातला माणूस आज त्या विनवणीवर 'नंतर आठवण करा' दाबतो, आणि ते नंतर सात महिने चालतं. कारण विचारलं तर सांगतो, अपडेटला दीड जीबी जातो, रोजचा डेटाच तेवढा आहे, आणि तो खिचडीच्या फोटोंना लागतो. यावर चांदबीबीलाही उत्तर सुचलं नसतं.

२०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल २५० कोटी रुपये. हा आकडा ऐकून एका कार्यालयात, जिल्ह्यातल्याच पण नाव न घेतलेलं बरं, धावपळ उडाली. बैठक झाली, चहा झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आस्थापना शाखेचा संदेश पडला. सर्व कर्मचाऱ्यांनी आपापल्या वैयक्तिक मोबाइलचा पासवर्ड आजच बदलावा. पासवर्ड किमान आठ अक्षरी व कठीण असावा. आणि बदललेला पासवर्ड सोबतच्या तक्त्यात, नाव व पदनामासह भरून, सायंकाळी पाचपर्यंत याच ग्रुपवर सादर करावा.

पावणेपाचला एकोणचाळीस जणांचे आले होते. भाऊसाहेबांचा राहिला होता. ते आंब्याखाली उभे होते, रेंजची वाट बघत.